सुप्याच्या दंग्याचे कागद लंडनमध्ये शोधायचे असतील तर

आधी क्यूला (Kew, लंडनचं एक उपनगर) जाऊ नका. सुपे म्हणजे पुणे जिल्ह्यातलं गाव, जिथे १८७५ मध्ये शेतकरी सावकारांविरुद्ध उठले; त्याचे कागद तिथे नाहीत. "ब्रिटिश सरकारचे सगळे कागद क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये" असं तिकडेच राहणाऱ्या एका ओळखीच्याने छातीठोकपणे सांगितलं आणि माझ्या चार दिवसांतला पहिला अख्खा दिवस वाया गेला. परराष्ट्र खातं, वसाहती, युद्धखातं, मंत्रिमंडळ यांचे कागद तिथे आहेत. पण आपल्याकडचा कारभार पाहायचं इंडिया ऑफिस, आणि त्याचं दप्तर १९८२ पासून ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यात आहे. लंडनच्या सेंट पॅन्क्रस भागातली इमारत, तिसरा मजला, एशियन अँड आफ्रिकन स्टडीजची वाचनखोली. थेट तिथेच जा.

वाचकाचा पास फुकट मिळतो. तो काढून देतो म्हणून एका मध्यस्थाने माझ्याकडून चाळीस पौंड घेतले, आणि ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा घेऊन रांगेत शेवटी मलाच उभं राहावं लागलं. कुणालाही एक पैसा देऊ नका.

आता खरा त्रास. मला १८७५ च्या दंग्यांवरच्या आयोगाचा अहवाल हवा होता, संसदेपुढे १८७८ साली ठेवलेला. माझ्या टिपणात क्रमांक होता 'सीएमडी. २०७१'. मागवला, तर विसाव्या शतकातला भलताच कागद. दुपार त्यातच गेली. संसदेपुढे ठेवलेल्या सरकारी कागदांच्या ('कमांड पेपर') क्रमांकाआधीची ही अक्षरं म्हणजे सजावट नव्हे, काळ आहे: १८७० ते १८९९ 'सी.', १९०० ते १९१८ 'सीडी.', १९१९ ते १९५६ 'सीएमडी.', त्यानंतर १९८६ पर्यंत 'सीएमएनडी.'. प्रत्येक मालिकेत आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. मला हवा होता 'सी. २०७१'. शिवाय नुसत्या क्रमांकाने बांधीव खंड सापडत नाही. खंड अधिवेशनाप्रमाणे बांधलेले असतात, म्हणून वर्ष आणि खंडही लिहून न्या: १८७८, खंड ५८, आणि तोही रोमन आकड्यांत. सूचीत पुणे, शिरूर शोधत बसू नका. 'पूना', 'सिरूर' घाला.

तिसरा दिवस सुरळीत गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी फोमच्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या अहवालात सुपे सापडलं. १२ मे १८७५. आयोगानेच लिहून ठेवलंय की जमावाचा रोख कर्जरोख्यांवर आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर होता, आणि सावकाराने ते निमूट दिले तिथे बहुधा पुढे काही झालं नाही. माझ्या आजोळी ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. सरकारी छापील इंग्रजीत ती वाचताना हात थरथरत होता. पेन्सिलच चालते, शाईचं पेन आत नेता येत नाही. फोटो मोबाइलवर काढता आले, त्यासाठी पैसे पडले नाहीत.

तिकीट काढण्याआधी एक करा. जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ब्रिटिश संसदीय कागदपत्रांचा डेटाबेस आहे का ते विचारा. असेल तर हा अहवाल तिथेच वाचता येईल. लंडनला जायचं ते छापील अहवालाच्या मागच्या हस्तलिखित फायलींसाठी. आणि महसूल खात्याच्या पत्रव्यवहारासाठी आधी मुंबईचं राज्य पुराभिलेखागार गाठा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. मी ते शेवटी ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात जातेय.