काढला यू, पोचली आडवी रेघ

चिपचं लेआउट, म्हणजे तिच्या थरांचा नकाशा, मी काढत नाही, काढणाऱ्यांची टूल्स, म्हणजे सॉफ्टवेअर, चालू ठेवते. सीएडी सपोर्ट. लायसन्स संपलं, डिस्क भरली, रात्रीचा रन अडकला की फोन मला. अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं छोटंसं डिझाइन सेंटर आहे. या लाइनमधली बहुतेक मुलं बंगळुरू, हैदराबाद नाहीतर पुणं गाठतात, मुंबईत थोडेच उरतात, त्यामुळे इथे टिकलेल्या जुन्या माणसाला जपायला हवं असं मला मनापासून वाटतं. आणि ही सगळी गोष्ट अशाच एका माणसाची आहे, ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणतात.

काका स्ट्रोकवर काम करतात. आजच्या पोरांना हे माहीतच नसतं, त्यांचा डावा हात कायम कीबोर्डवर असतो. स्ट्रोक म्हणजे माउसचं मधलं बटण दाबून धरायचं, स्क्रीनवर एक आकार काढायचा आणि बटण सोडायचं. टूल त्या आकाराभोवती चौकट धरतं, तिची तीन बाय तीन अशी नऊ घरं पाडतं, वरची ओळ १ २ ३, मधली ४ ५ ६, खालची ७ ८ ९, आणि तुमची रेघ ज्या क्रमाने घरांतून गेली तो आकडा म्हणजे कमांड. यू काढला की १४७८९६३, सगळं डिसिलेक्ट. सी काढला की ३२१४७८९, कॉपी. डी म्हणजे ७४१२३६९८७, डिलीट. हे आकडे मेंटर ग्राफिक्सच्या जुन्या टूल्सचे. ती कंपनी २०१७ साली सीमेन्सने घेतली, पण ज्यांनी त्या टूल्सवर उमेदीची वर्षं काढली त्यांच्या मनगटात हे आकडे बसलेत ते बसलेतच. आम्ही आता वेगळं टूल वापरतो, त्यातही स्ट्रोक स्वतःच्या फाइलमधून हवे तसे बांधता येतात, आणि काकांची फाइल हा बघण्यासारखा प्रकार आहे. झूम, रूलर, लेयर बदलणं, व्हाया (मेटलचे दोन थर जोडणारे खांब) टाकणं, सगळं मनगटाच्या एका झटक्यात. मेनू उघडलेला मी त्यांना क्वचितच पाहिलाय.

तर जुलै महिना, टेपआउट (डिझाइन पक्कं करून फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवणं) तोंडावर, आणि पॉवर ड्रायव्हरचा ब्लॉक, म्हणजे चिपमधला जास्त करंट वाहणारा भाग, काकांकडे. डीआरसी (लेआउट नियमांत बसतंय का) क्लीन, एलव्हीएस (लेआउट मूळ सर्किटशी जुळतंय का) क्लीन. आणि करंटचा रिपोर्ट आला तो एका कोपऱ्यात लालेलाल, इलेक्ट्रोमायग्रेशनच्या, म्हणजे जास्त करंटने मेटल हळूहळू झिजण्याच्या, मर्यादेच्या कितीतरी वर. आधीच्या आठवड्यात हाच कोपरा व्यवस्थित होता. लेआउट उघडून पाहिलं तर वरच्या मेटलचा पट्टा आहे, खालच्या मेटलचा पट्टा आहे, आणि मधले काही व्हायाच नाहीत! सगळेच गेले असते तर एलव्हीएसने लगेच ओरड केली असती, पण काही शिल्लक होते, म्हणजे कनेक्शन आहे, सर्किट तुटलेलं नाही, नियमही मोडलेला नाही, फक्त जो करंट सगळ्यांनी वाटून घ्यायचा तो आता उरलेल्या थोड्यांच्या डोक्यावर. अशी चिप टेस्टिंगमध्ये पास होते आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन काही महिन्यांनी मरते.

मॅनेजरने निकाल लगेच लावला. काकांचं वय झालं, नजर चुकली. काकांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "अगं, व्हाया मी काढले नाहीत. मी ते सिलेक्ट करून साइज बघितला आणि सोडून दिले, बस." मला हा माणूस माहितीये. चुकलं असतं तर आधी त्यांनीच सांगितलं असतं.

लॉग घेऊन बसले. टूल प्रत्येक कमांड लॉगमध्ये लिहितं, पण ती कुठून आली हे लिहीत नाही, मेनूतून, की कीबोर्डवरून, की स्ट्रोकमधून. हे मला आजही समजत नाही, इतकं महागडं सॉफ्टवेअर आणि ही एक गोष्ट लिहायची सोय नाही. लॉगमध्ये दिसत होतं ते असं: सिलेक्ट, प्रॉपर्टी उघडली, बंद केली, डिलीट. आणि लगेच पुढच्या जागी झूम, पुढचं सिलेक्ट, काम चालू. ज्याला खरंच काही खोडायचंय तो खोडल्यावर क्षणभर थांबतो, काय राहिलं ते बघतो, कधी अनडू करतो. इथे थांबणं नाहीच. आणि दुसरी गोष्ट, बाकी प्रत्येक ठिकाणी प्रॉपर्टी बंद केली की डिसिलेक्ट होतं. फक्त या मोजक्या जागांवर डिसिलेक्टच्या जागी डिलीट बसलंय.

मग तारखा लावल्या. सगळे डिलीट मुसळधार पावसाच्या दिवसांतले. काका बदलापूरला राहतात. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की मध्य रेल्वे ठप्प, त्या दिवशी काका घरून व्हीपीएन आणि व्हीएनसीवर, म्हणजे ऑफिसातल्या मशिनची स्क्रीन नेटवरून घरी उघडून. घरचं ब्रॉडबँड पावसात गेलं की मोबाइलचा हॉटस्पॉट.

काकांची स्ट्रोकची फाइल उघडली आणि पोटात गोळाच आला. डिलीटला डी नव्हता, ४५६ होता. डावीकडून उजवीकडे सरळ आडवी रेघ. विचारलं तर काका म्हणाले, "खोडायचं म्हटलं की माणूस आडवी रेघच मारतो ना?" बरोबरच आहे. ऑफिसातल्या मशिनवर वर्षानुवर्षं त्याचा काही त्रास झालेला नाही.

आता घरच्या लाइनवर काय होतं ते सांगते, कारण हे शोधल्याचा मला खरंच अभिमान आहे. नेट अडकलं की माउसच्या हालचाली वाटेत तुंबतात आणि सुटल्या की एकदम येऊन थडकतात, कुर्ल्याला अडकलेल्या लोकल एकामागोमाग एक सुटाव्यात तशा. अशी गर्दी झाली की प्रोग्रॅमचा जीयूआय, म्हणजे स्क्रीन आणि माउस सांभाळणारा भाग, मधल्या हालचाली गाळतो आणि फक्त शेवटची जागा ठेवतो. हे मुद्दाम केलेलं असतं, स्क्रीन मागे पडू नये म्हणून, आणि नव्वद टक्के कामांना तेच योग्य आहे. पण स्ट्रोकमध्ये मधली वाट हाच सगळा अर्थ असतो. यू सुरू होतो वर डावीकडे, संपतो वर उजवीकडे. मधलं खाली जाऊन वर येणं गाळलं की उरते सरळ आडवी रेघ. आमच्या टूलचा कोड बंद आहे म्हणून लिबस्ट्रोक नावाची, स्ट्रोक ओळखणारी जुनी मोफत लायब्ररी आहे तिचा कोड वाचला. ती दोन नोंदींमधली जागा सरळ रेषेने भरून काढते, आणि आकार उंचीपेक्षा फारच रुंद असला की सगळा मधल्या ओळीत धरते. ४५६!

म्हणजे काका म्हणतायत सोडून दे, आणि टूलला ऐकू येतंय खोडून टाक. तेही नेमकं जे सिलेक्ट केलंय तेच. डोळ्यांना फरक कळत नाही, कारण डिसिलेक्ट झालं काय आणि डिलीट झालं काय, सिलेक्शनची कड दोन्हीत जाते, आणि त्या झूमला दाट मेटलखालचा इवलासा व्हाया गेला हे कुणालाच दिसणार नाही.

लिनक्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद आणि अडखळतं करता येतं, टीसी आणि नेटएमने. तसं करून टेस्ट लेआउटवर भराभर यू काढत बसले, बराच वेळ काही नाही, आणि मग डोळ्यांदेखत व्हाया गायब. मॅनेजरला खुर्चीवरून उठवून आणलं आणि त्याच्याच हाताने करून घेतलं. त्याचा चेहरा उतरला, पण काकांना फोन करून दोन शब्द बोलावेसे काही त्याला वाटले नाहीत. ते मला अजून खटकतं.

व्हाया परत टाकले, करंटचा रिपोर्ट साफ आला, टेपआउट वेळेत गेलं. त्यानंतर मी स्ट्रोकची फाइल लोड होतानाच एक तपासणी बसवली. डिलीटसारखी नुकसान करणारी कमांड सरळ रेघेला बांधलेली असेल तर फाइल लोडच होत नाही. आणि डिलीटला पुन्हा जुना डी. त्या डीकडे तेव्हा पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. ७४१२३६९८७, सुरू ७ वर, संपतो ७ वर. मधलं सगळं गाळलं तरी हात जागच्या जागी, रेघच उरत नाही, त्यामुळे काहीच खोडलं जात नाही. ज्यांनी हे आकडे ठरवले त्यांनी इतका विचार केला होता की नाही माहीत नाही, पण आमच्या कामाला तो चोख बसला. शिवाय आता प्रत्येक स्ट्रोकची कमांड माझ्या छोट्या प्रोसिजरमधून जाते आणि ओळखलेला आकडा लॉगमध्ये लिहिते.

मॅनेजरचा आग्रह मात्र वेगळाच. सगळ्यांचे कस्टम स्ट्रोक बंद, एकच डिफॉल्ट सेटअप. मी लेखी विरोध केलाय. असा नियम आला की काकांसारख्या माणसाचा वेग आपण स्वतःच्या हाताने मारतो, आणि बिघाड तर स्ट्रोक बांधण्यात नव्हताच, खोडण्यासारखी कमांड सगळ्यात सोप्या रेघेवर असण्यात आणि ती कुठून आली हे लॉगमध्ये नसण्यात होता. डिफॉल्ट सेटअपमध्ये तरी सरळ रेघांवर काय काय बसलंय हे त्याने उघडून बघितलेलं नाही. मी बघितलंय, आणि त्यातल्या दोन बदलायला लावल्यात.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ते पुढेच आहे. काका मागच्या पावसाळ्यातही घरून काम करत होते, हीच फाइल, हाच हॉटस्पॉट. ते ब्लॉक केव्हाच फॅबला जाऊन चिप होऊन आलेत. त्या वेळचे लॉग डिस्क साफ करताना उडवलेत, ठरावीक महिन्यांनी ते उडवायचे हा आयटीचा नियम. तेव्हाच्या रिपोर्टवर करंट मर्यादेत होता एवढंच हातात आहे, पण रिपोर्ट चालल्यानंतर कुणी ब्लॉक उघडून शेवटचा हात फिरवला का, हे कागदावर कुठेच नाही. म्हणून आता प्रत्येक ब्लॉकची रिपोर्टच्या वेळची आवृत्ती आणि फॅबला गेलेली आवृत्ती लेयरवार एक्सॉर करून, म्हणजे एकावर एक ठेवून फक्त फरक तेवढा उरवून, ताडून बघतेय. काकांनी कुठल्या दिवशी कुठला ब्लॉक घरून केला त्याची यादी स्वतःच्या डायरीतून काढून दिलीये. निम्म्याहून जास्त झालेत, फरक सापडलेला नाही. ड्रायव्हरचे दोन मोठे ब्लॉक अजून बाकी आहेत.