कोअर बॉक्समधली रिकामी जागा

जमिनीत बोअर घेऊन केलेल्या माती-खडक तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की डिझाइनवाली मंडळी थेट शेवटच्या तक्त्यावर उडी मारतात. खडकाची ताकद किती मेगापास्कल, मातीचा सी (कणांची चिकटून राहण्याची ताकद) किती, फाय (कणांच्या घर्षणाचा कोन) किती, झालं काम. मी आधी कोअर बॉक्सचे, म्हणजे बोअरमधून काढलेले खडकाचे दांडके (कोअर) ओळीने ठेवलेल्या पेट्यांचे, फोटो उघडून बसते. त्यातही दगडापेक्षा रिकाम्या जागा जास्त बघते.

कारण साधं आहे. १.५ मीटरच्या रनमध्ये (एका दमात ड्रिल केलेल्या लांबीत) १.२ मीटर कोअर आला तर रिकव्हरी, म्हणजे हाती लागलेला भाग, ८० टक्के. त्यात १० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज ६० सेंटीमीटर भरली तर आरक्यूडी (खडकाच्या अखंडपणाचा टक्का) ४०. म्हणजे खडक भेगाळलेला. आता दाबचाचणीला नमुना लागतो व्यासाच्या निदान दुप्पट लांबीचा. ५४ मिलिमीटरच्या कोअरला साधारण ११ सेंटीमीटर. एवढा अखंड तुकडा कुठला मिळणार? अर्थातच सगळ्यात मजबूत थरातला. पिचलेला भाग ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहून गेलेला असतो, त्याची चाचणी कोण करणार? तक्त्यातले ६० मेगापास्कल खोटे नसतात, पण ते त्या तुकड्याचे असतात, अख्ख्या खडकाचे नव्हे. आखूड तुकड्यांवर पॉइंट लोड चाचणी (दोन टोकांमध्ये दाबून फोडण्याची) तरी करून घ्यावी. आणि नमुना जुन्या भेगेवरच फुटला असेल तर तशी नोंद हवीच. ती नसली की मी फोन लावते.

मऊ चिकणमातीत गाडी नेमकी उलटी धावते. तिथे नमुना काढताना, नेताना, ट्यूबमधून ढकलताना मातीची घडण मोडते आणि प्रयोगशाळेतली ताकद जागेवरच्यापेक्षा कमी भरते. पूर्ण भिजलेल्या चिकणमातीवरच्या यूयू ट्रायअॅक्शियलमध्ये (पाणी निचरू न देता, चहूबाजूंनी दाब देऊन केलेल्या चाचणीत) फाय जवळपास शून्य यायला हवा. रिपोर्टात ऐटीत आठ-दहा अंश छापलेले दिसले की आधी नमुन्याची संपृक्तता (पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्यात का) तपासा, ते अंश डिझाइनमध्ये घालायची घाई नको.

वाळूत न मोडलेला नमुना मिळणं मुश्किल, म्हणून तिथे भिस्त एसपीटीवर, म्हणजे सँपलर नावाची नळी हातोड्याने जमिनीत ठोकण्याच्या चाचणीवर. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा, ४५ सेंटीमीटरसाठीचे ठोके १५-१५ करून मोजायचे, पहिल्या १५ सेंटीमीटरचे ठोके सोडून उरलेल्या दोन्हींची बेरीज म्हणजे एन. पण मला तिन्ही आकडे वेगवेगळे लागतात. ६, ७, ३१ असं दिसलं तर एन ३८ म्हणून खूश होऊ नये. शेवटी सँपलर गोट्यावर आपटला असेल किंवा थर बदलला असेल. बारीक वाळूत भूजलाखाली तर बोअरमधलं पाणी बाहेरच्या पातळीच्या खाली गेलं की तळातून वाळू उसळते, सैल होते आणि एन उगाच पडतो. पाणी भरत ठेवलं होतं का, हे रिगवाल्यालाच ठाऊक.

म्हणून रिपोर्टाबरोबर मी ड्रिलरची रोजची वहीसुद्धा मागते. परत येणाऱ्या पाण्याचा रंग कुठे बदलला, पाणी कुठे गायब झालं, रॉड कुठे एकदम खाली गेला, हे तिच्यात वेड्यावाकड्या अक्षरात असतं. टाइप करताना नेमक्या याच ओळी गळतात.