ईबीए-१७५ लाल पेशीला धरतं का? चाचणी करतानाचा माझा अनुभव

मलेरियाचा फॅल्सिपेरम परजीवी रक्तातल्या लाल पेशीत शिरताना त्याचं ईबीए-१७५ हे प्रथिन पेशीवरच्या ग्लायकोफोरिन ए या प्रथिनाला धरतं. त्यासाठी ग्लायकोफोरिनवरचं सियालिक आम्ल (एक प्रकारची साखर) शाबूत लागतं. ही पकड नळीत दाखवायची चाचणी मी पणजीत करते.

परजीवी पेशी फोडून बाहेर पडतात तेव्हा हे प्रथिन कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत परजीवी वाढवतात त्या, द्रवात सुटतं. असा ५०० मायक्रोलिटर द्रव आणि आरपीएमआय या पेशी वाढवायच्या द्रवाने तीनदा धुतलेल्या १०० मायक्रोलिटर लाल पेशी एकत्र करून खोलीच्या तापमानाला अर्धा-पाऊण तास हळू फिरवत ठेवायच्या. मग डायब्यूटाइल थॅलेट या तेलाच्या थरावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूज करायचं. या तेलाची घनता १.०४ च्या आसपास, म्हणून जड पेशी तळाला जातात आणि न चिकटलेलं प्रथिन द्रवासोबत वरच राहतं. नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या, पॉलिस्टायरीन या तेलात विरघळतं. वरचा द्रव आणि तेल पूर्ण काढा, नळीची आतली बाजू टिपून घ्या. तिथे राहिलेला एक थेंबही शेवटी जेलवर खोटा बँड, म्हणजे प्रथिनाची पट्टी, देतो.

चिकटलेलं प्रथिन १.५ मोलर मिठाच्या द्रावणाने सुटतं. १०० मिलिलिटरला ८.७७ ग्रॅम सोडियम क्लोराइड. पावसाळ्यात गोव्यात मिठाला पाणी सुटतं, वजनात ओल मोजली जाते, द्रावण पातळ होतं आणि बँड फिका येतो. मीठ ओव्हनमध्ये सुकवून मगच तोला. एवढ्या मिठामुळे जेलमधले बँड वाकडे धावतात, त्यामुळे सुटवणीचा द्रव १०-२० मायक्रोलिटरच ठेवावा. पेशी फुटून तो लालभडक झाला तर तो नमुना मी टाकून देते. हिमोग्लोबिनने ब्लॉट (जेलवरचे बँड पडद्यावर उतरवून घेतलेला ठसा) खराब होतो.

माझा सगळा भर कंट्रोलवर, म्हणजे तुलनेच्या नमुन्यांवर असतो. न्युरामिनिडेज या एन्झाइमने सियालिक आम्ल कापलेल्या पेशींवर ईबीए-१७५ दिसता कामा नये. ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने ग्लायकोफोरिन ए कापलं तरी तेच. कायमोट्रिप्सिन हे तसंच दुसरं एन्झाइम दिलेल्या पेशींवर मात्र ते दिसायला हवं. ट्रिप्सिननंतर त्याला थांबवणारा सोयाबीन इनहिबिटर घालून पेशी पुन्हा धुवा, नाहीतर उरलेलं ट्रिप्सिन परजीवीचंच प्रथिन कापतं आणि बँड गेला म्हणून आपण उगाच खूश होतो.

गोव्यात मलेरियाचा दुसरा परजीवी व्हायव्हॅक्सही आढळतो, पण त्याला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. तो प्रयोगशाळेत फार काळ वाढत नाही आणि त्याचं डीबीपी (डफी बाइंडिंग प्रोटीन) हे प्रथिन लाल पेशीवरच्या डफी रिसेप्टरला धरतं. तिथे डीबीपीचा क्रमांक दोनचा भाग (रीजन II) कॉस-७ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींवर व्यक्त करून भोवती जमलेल्या लाल पेशींचे रोझेट (फुलासारखे पुंजके) मोजतात. कंट्रोलही उलटा: डफी कायमोट्रिप्सिनने कापला जातो, ट्रिप्सिनने नाही.