काकूंचा प्रश्न

"ह्यात अक्षरं मोठी होतात का रे?" काकूंनी पुन्हा विचारलं. लॅपटॉपच्या दुकानातला मुलगा सोळा जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डाबद्दलच सांगत राहिला. तेही माझ्याकडे बघून. वापरणार काकू, पैसे त्यांच्या पेन्शनचे, आणि उत्तर मला!

काकूंना हवंय काय? नातीशी व्हिडिओ कॉल, सकाळचा ई-पेपर, बँकेचं स्टेटमेंट आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला. तो तर आता अँड्रॉइडवर चेहरा दाखवूनही निघतो. एवढ्यासाठी गेमिंग लॅपटॉप कशाला?

शेवटी साधा दहा इंची टॅबलेट आणि स्टँड घेतला. घरी येऊन सेटिंग्जमध्ये फॉन्ट आणि डिस्प्ले साइज दोन्ही वाढवले, नको ती अॅप्स काढली. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की आपोआप टाइप होतं, हे बघून काकू जाम खूश! लगेच नातीला लांबलचक मेसेज.

लॅपटॉपच हवा असेल तर एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान स्टोरेज) आहे ना, एवढं आधी बघा. आणि स्वस्तात जुना घेताना जपून: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय.

तुम्ही घरातल्या ज्येष्ठांना काय घेऊन दिलंत? ते रोज वापरतात का?