हाकाऱ्याला माणसं कुठून आणायची

गेल्या वर्षी मला सत्तर पूर्ण झाली. शस्त्र परवान्याचे 2016 चे जे नियम आहेत त्यात एक सोय आहे, परवानाधारक सत्तरीला आला किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली की हयातीतच वारसाच्या नावे करून देण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणून मुलाला फोन लावला, तो डोंबिवलीला असतो. म्हणाला, बाबा, सोसायटीत बंदूक ठेवून मी काय करू, पार्किंगच्या भांडणात काढू? सून मागून म्हणाली विकून टाका. विकणार कोणाला? आमच्या पंचक्रोशीत ज्यांच्याकडे परवाना आहे ते सगळे माझ्याच वयाचे, कोणाचा मोतीबिंदू झालाय, कोणाचे गुडघे गेलेत, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला मेडिकल सर्टिफिकेट लागतं तेव्हा डॉक्टरसमोर हात थरथरू नये म्हणून सकाळचा चहा टाळून जाणारेही आहेत (नाव सांगत नाही, वाचत असेल).

आमची बंदूक पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. वडलांकडे ठासणीची होती, दारू भरायची, गजाने ठासायची, छर्रे, वर केप. पावसात दारू ओली झाली की नुसती काठी. मी नोकरीला लागल्यावर बारा बोर सिंगल घेतली. कागदावर दोन्ही भातासाठी आणि नाचणीसाठी. आता खोटं कशाला बोला, कोकणात पीक संरक्षणाच्या बंदुकीने नुसतं पीकच राखलं असं कोणी म्हणत असेल तर त्याला शिमग्याला आमच्या गावात आणा.

शिमग्यात पारध, म्हणजे सगळ्या गावाने मिळून करायची शिकार, असायची. गावच्या देवळात नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं व्हायचं, मग सगळा गाव रानात. बंदूकवाले चार-पाच, बाकी हाकारी, पोरं, म्हातारे, कुत्रे. बंदूकवाल्यांनी वाऱ्याची दिशा बघून डुकराच्या वाटांवर बसायचं आणि हाकाऱ्यांनी खालून डबे, ढोल बडवत, ओरडत रान उठवायचं. बार झाला की पुढचं काम खरं, वाटे घालणं. ज्याचा बार बसला त्याचा मान ठरलेला, देवाचा वेगळा, कुत्र्यांना वेगळं, आणि मग घरटी एक वाटा. ज्या घरात पुरुष माणूस नाही, सगळे मुंबईला, त्या घरातल्या म्हातारीलाही वाटा पोचायचा. मी शहरात नोकरीला असताना लोक विचारायचे शिकारीत मजा काय, तर मला आधी तो वाटे घालतानाचा गोंधळ आठवायचा, कोणाला हाड जास्त आलं म्हणून दोन वर्षं न बोलणारी माणसं मी बघितली आहेत.

नियम कुठे लिहिलेले नव्हते पण होते. देवराईत बार काढायचा नाही, जखमी जनावर तिथे शिरलं तरी बाहेरच थांबायचं. पाणवठ्यावर बसून मारायचं नाही. लेकुरवाळी डुकरीण सोडायची. आणि जखमी केलं तर रक्ताच्या मागावर जायचं, मग रात्र होवो नाहीतर काही होवो, घरी येऊन जेवायला बसायचं नाही. हे सगळे सगळं पाळायचे असं अजिबात नाही, बॅटरी लावून रात्री भेकरं मारणारे तेव्हाही होते. पण पारधीत वीस-पंचवीस माणसं असायची आणि वीस-पंचवीस माणसांसमोर नियम मोडायला छाती लागते. दुसऱ्या दिवशी चव्हाट्यावर निघायचं सगळं.

लोकांना वाटतं 1972 ला कायदा आला आणि शिकार संपली. तेव्हा मी सतरा-अठराचा होतो, गावात काही फरक पडला नव्हता. मुळात 72 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातसुद्धा शिकारीच्या लायसनची सोय होती, ती काढून टाकली 1991 च्या दुरुस्तीने. त्याच्या आधी मुंबई राज्याचा 1951 चा कायदा होता, त्यातही लायसन होतं. आमच्याकडे कोणी ते काढल्याचं ऐकिवात नाही. कायद्याने भीती बसली हे खरं, पण पारध बंद पडली ती हाकारी संपले म्हणून. 2001 ते 2011 या दहा वर्षांत सबंध देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची जवळजवळ 82 हजारांनी आणि सिंधुदुर्गाची 19 हजारांनी घटली, जनगणनेतच आहे. शाळा बंद पडतायत, पालखी खांद्यावर घ्यायला चाकरमानी यायची वाट बघतो आम्ही, तिथे रान उठवायला पंचवीस माणसं कुठली. आमचा आप्पा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि एकेकाळी या भागातला सगळ्यात शांत हाताचा माणूस, तो म्हणतो, "हाकाऱ्याक माणसा खंयसून हाडतलंस? कुत्रे सुद्धा मुंबयक गेले."

आणि गंमत बघा, माणसं गेली तशी जमीन ओसाड पडली. जिथे आम्ही लहानपणी नाचणी, वरी बघितली त्या वरकस, डोंगरउताराच्या जमिनीवर आता रानमोडी आणि घाणेरीची झुडपं अशी माजलीत की दुपारी आत हात दिसत नाही. डुकराला यापेक्षा चांगलं घर कोण देणार. दिवसा तिथे झोपायचं, रात्री उरल्यासुरल्या भातात. एका वेळी चार-सहा पिल्लं, कधी जास्तच. पूर्वी पाच घरांची शेती सलग असायची, पाचही घरं राखणीला जागायची, आता मधे एकाच घरातली दोन म्हातारी भात लावतात आणि चारही बाजूंनी रान. ते सगळ्या गावचं डुक्कर एकटे सोसतात. वरून केळडी (लाल तोंडाची माकडं) आणि वानर आहेतच, त्यांना कोणी मारत नाही, मारुतीचं नाव घेऊन नुसता हवेत बार, आणि ती आता बारालाही भीत नाहीत. घाटाच्या पायथ्याला गवे उतरतात. दोडामार्गात हत्ती.

रानात जायची वाट पण बदलली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रान पुष्कळसं मालकीचं, वनखात्याचं त्या मानाने थोडं. पण मालकीचं म्हणजे काय तर सातबारावर पंधरा नावं, कुणाला काही पडलेली नाही, त्यामुळे वरच्या सड्यावरून खाली पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, कुणाच्याही जमिनीतून बंदूक खांद्यावर टाकून जायचो, फार तर वाटेत पाणी मागायचो. आता ती पंधरा नावं गोळा करून कोणीतरी एकगठ्ठा विकत घेतो, जेसीबी येतो, काजूची कलमं नाहीतर प्लॉट, भोवती चिरेबंदी गडगा किंवा तारेचं कुंपण, गेटवर बाहेरचा वॉचमन. माझ्याच आजोळच्या डोंगरात मला त्याने विचारलं, किधर जाना है. मला राग आला नाही, त्याची नोकरी आहे ती. पण डुकराच्या जुन्या वाटा कुंपणाने मोडल्या की डुक्कर वाट बदलतं आणि कुणाच्या तरी परसात निघतं, हे त्या प्लॉटवाल्याला सांगणार कोण.

मध्ये मुलाने मुरुडला नेलं होतं तेव्हा फणसाड बघितलं. ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, 1986 ला अभयारण्य झालं. एका माणसाच्या शिकारीसाठी बाकी सगळ्यांना बंद ठेवलेलं रान टिकलं, आणि सगळ्यांसाठी उघडी असलेली आमची रानं कोळशाला आणि भट्ट्यांना गेली. यावरून काय धडा घ्यायचा ते मला अजून नीट कळलेलं नाही, नवाब पाहिजे असं तर म्हणवत नाही.

असो. मला खरं बोलायचंय ते फासकीबद्दल.

माणसं नसली, कुत्रे नसले, बंदूक नसली तर डुक्कर मारायचं कसं? गाडीची जुनी क्लच वायर घ्यायची, गाठ मारायची, कुंपणाच्या भोकात लावून घरी झोपायचं. एका माणसाचं काम. आवाज नाही, परवाना नाही, कोणाला वाटा द्यायला नको. आणि फासकीला डुक्कर कुठलं, भेकर कुठलं, बिबट्या कुठला हे कळत नाही. आमच्याकडच्या पेपरात ती बातमी इतकी नेहमीची झालीय की लोक वाचतही नाहीत, फासकीत बिबट्या अडकला, वनखात्याचं पथक आलं, कधी बेशुद्ध करून सुटका होते आणि कधी पथक यायच्या आत तो कमरेला वायर रुतून मेलेला असतो. दुसरे ते गावठी बॉम्ब, खाण्यात लपवून ठेवायचे, डुकराने चावला की जबडा फुटतो. ते जनावर दोन-तीन दिवस तसंच फिरतं. गाईनेही चावलेत. तिसरं, कुंपणात विजेचा करंट सोडणं, त्यात माणसं मेलीत.

आमच्या पिढीला नावं ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ठेवा. पण रक्ताचा माग काढत रात्रभर काट्यात फिरलेल्या माणसाला फासकीवाला शिकारी म्हटलेलं आवडत नाही. आप्पाचं म्हणणं, मग शिकार उघडी करा, फासक्या आपोआप बंद होतील. मला पटत नाही. उघडी केली तर पारध परत येणार नाही, कारण गावच परत येणार नाही. येतील ते एसयूव्हीवाले, छतावर लाईट लावून, आणि त्यांना आमचा डोंगर म्हणजे वीकेंडचं पॅकेज. यावरून शिमग्यात आमची जुंपली, वहिनीने सोलकढी आणून ठेवली तेव्हा थांबलो.

डुकराचं म्हणाल तर वन्यजीव कायद्यात आजही वाट आहे. पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली परवानगी घेऊन मारता येतं. केरळने 2022 मध्ये हा अधिकार थेट पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत खाली आणला, परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी करून. आपल्याकडे अर्ज द्यायचा, पंचनाम्याची वाट बघायची, तोवर डुक्कर शेत उलथून शेजारच्या गावात पोचलेलं असतं. आणि परवानगीने मारलेलं डुक्कर सरकारजमा, खाता येत नाही. हे बरोबरच आहे, नाहीतर परवानगीच्या नावाखाली मटणाचं दुकान उघडेल, पण गुडघे दुखत असताना, रात्रभर डास चावत शेतात बसून, स्वतःचं काडतूस घालून, वर दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला उभं राहायला कोण तयार होईल? आम्ही तिघं-चौघं झालो असतो कदाचित, दहा वर्षांपूर्वी.

त्यात निवडणुका. 2014, 2019, 2024, तिन्ही विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे भात कापायच्या तोंडावर. आचारसंहिता लागली की नोटीस, बंदूक ठाण्यात जमा. सगळ्यांनी सरसकट जमा करायची गरज नाही, छाननी समिती असते, अर्ज करता येतो, हे मला माहीत आहे आणि मी तो करतो. पण आप्पासारखा माणूस कुठे अर्जविनंत्या करतो, तो निमूट बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने नेऊन देतो. निकाल लागून ती परत मिळेपर्यंत भात घरात आलेलं असतं किंवा डुकराच्या पोटात.

सध्या आम्ही दोघं काय करतो तर भात पोटरीला आलं की दिवसाउजेडी कुंपणं फिरतो. डुक्कर कुठून वाकून आत येतं ते आप्पाला चिखल बघून कळतं, आणि जिथे ते येतं तिथेच फासकी लावतात, त्यामुळे आम्हाला फार शोधावं लागत नाही. रिकामी फासकी असली की पक्कड घेऊन तोडतो. काही अडकलेलं असलं तर जवळ जायचं नाही, बिबट्या असेल तर अजिबात नाही, लांबून 1926 ला फोन, वनखात्याची हेल्पलाईन आहे ती. दोन-तीन जणांशी त्यावरून वाकडं आलंय, एकाने तर तोंडावर सांगितलं की तुम्ही मारलेली डुकरं पचली आणि आता आम्हाला अक्कल शिकवता. त्याचं भात खरंच गेलं होतं, मी गप्प बसलो. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यालाही सांगून ठेवलंय की जुन्या क्लच वायरी कोणाला देऊ नकोस. तो म्हणतो, काका, मी नाही दिल्या तर ते भंगारवाल्याकडून नेतील, किलोवर मिळतात.