०.१ मिलिमीटर हवा

गणित माझ्या मते चोख होतं. दोन सपाट प्लेटा, मध्ये १ मिलिमीटर जाडीची इन्सुलेशन शीट, तिची डायइलेक्ट्रिक स्ट्रेंथ, म्हणजे फुटण्याआधी ती सोसू शकते तो ताण, मिलिमीटरला १५ किलोव्होल्ट. व्होल्टेज भागिले अंतर म्हणजे विद्युतक्षेत्र. त्या हिशेबाने १० किलोव्होल्टची एसी चाचणी शीट सहज पेलेल, असं मी सकाळीच वहीत लिहून टाकलं होतं.

व्होल्टेज चढवायला घेतलं. काटा १.८ किलोव्होल्टवर आला आणि जाळीमागून बारीक चरचर ऐकू आली. मॅडम मागेच उभ्या होत्या. "दिवे घालव," त्या म्हणाल्या. डोळे अंधाराला सरावले, तशी वरच्या प्लेटच्या एका कडेखाली जांभळट उजेडाची रेघ दिसली. शीट फुटलेली नव्हती, पण आत काहीतरी तिला कुरतडत होतं.

सप्लाय बंद केला, अर्थिंगच्या दांडीने प्लेटा डिस्चार्ज केल्या आणि फट मोजायचा पातळ पात्यांचा फीलर गेज लावला. शीट एका बाजूला किंचित वाकली होती. फट ०.१ मिलिमीटर.

त्या फटीचं गणित मॅडमनी मलाच करायला लावलं. शीट आणि हवा म्हणजे एकापुढे एक जोडलेले दोन कपॅसिटर. शीटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (हवेच्या तुलनेत ती क्षेत्र किती पटींनी कमी करते तो आकडा) ५, म्हणून हवेतलं क्षेत्र शीटमधल्या क्षेत्राच्या पाचपट. शीटचा १ मिलिमीटर हवेच्या मापात ०.२ भरतो, त्यात फटीचे ०.१ मिळवले की ०.३. एसीचं व्होल्टेज सतत वरखाली होतं; काट्यावरचे १.८ किलोव्होल्ट म्हणजे शिखराला साधारण २.५५. भागाकार केला: मिलिमीटरला जवळजवळ ८.५ किलोव्होल्ट!

"पण हवा तर मिलिमीटरला ३ किलोव्होल्टलाच फुटते. मग चरचर आधीच का नाही झाली?" मी विचारलं.

३ हा आकडा सेंटिमीटरभर गॅपचा, त्यांनी सांगितलं. अरुंद फटीत इलेक्ट्रॉनला रेणू फोडत फोडत आपली संख्या वाढवायला अंतरच पुरत नाही, म्हणून तिथली हवा जास्त क्षेत्र सोसते. किती फटीतली हवा किती व्होल्टला फुटते ते सांगणाऱ्या पाशेनच्या सूत्रात ०.१ मिलिमीटर घातलं, तर उत्तर आलं ८५० व्होल्ट. म्हणजे मिलिमीटरला ८.५ किलोव्होल्ट. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिताना माझ्या अंगावर काटा आला. दिसतही नव्हती अशी फट, आणि तिने आपलं माप इतकं नेमकं सांगितलं होतं.

दुसऱ्या शीटच्या दोन्ही अंगांना प्लेटांऐवजी चांदीचा कंडक्टिव्ह पेंट थेट लावला, म्हणजे मध्ये हवा राहायलाच नको. कडेने पृष्ठभागावरून ठिणगी पळू नये म्हणून चहूकडे रुंद कोरी पट्टी सोडली आणि सगळं ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवलं. १० किलोव्होल्ट चरचर न होता पार पडले. मग ती शीट आम्ही मुद्दाम फुटेपर्यंत नेली. १४ ला गेली.

भोक टाचणीच्या टोकाएवढं, आणि बरोब्बर पेंटच्या कडेवर, जिथे क्षेत्र सगळ्यात दाट असतं. माझ्या भागाकारात कडा कुठेच नव्हत्या. वहीचं नवं पान तिथून सुरू केलं.