तुम्ही विचारलंत म्हणून: बलाट्रोच्या पहिल्या तीन अँटीत काय राखायचं, काय उधळायचं

सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये चढले की माझा एक डाव सुरू होतो, आणि शेजारून कोणीतरी वाकून बघतंच. पत्ते दिसल्यावर आपल्याकडे माणसाला राहवत नाही. ज्यांनी गेम पाहिला नाही ते नाव विचारतात, ज्यांच्या फोनमध्ये आधीच आहे त्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: ताई, मी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या अँटीतच संपतो, सुरुवातीला नक्की करायचं तरी काय? इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बलाट्रो हा कॅनडातल्या एका माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला, पोकरवर बेतलेला पत्त्यांचा गेम आहे, तो लोकलथंक या नावाने ओळखला जातो. २० फेब्रुवारी २०२४ ला आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फोनवर आला. एकदा विकत घेतला की झालं, नेट लागत नाही, म्हणून कसारा घाटातल्या बोगद्यांमध्येसुद्धा माझा डाव तुटत नाही. यात खरे पैसे लावायचे नसतात, हे मी घरच्या मोठ्यांना आवर्जून सांगते. युरोपात याला आधी १८ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का बसला होता, तो २०२५ मध्ये बदलून १२ वर्षांचा झाला. एकूण आठ अँटी (म्हणजे टप्पे), प्रत्येकीत तीन ब्लाइंड (म्हणजे राउंड): छोटा, मोठा आणि बॉस, प्रत्येक ब्लाइंडला ठरलेला स्कोअर गाठायचा, नाही गाठला तर डाव संपला आणि परत पहिल्यापासून.

पोकर येत नाही म्हणून घाबरू नका. तीनपत्ती कळत असेल तर निम्मं काम झालंय, फक्त इथे पाच पत्ते आणि कलर (पाचही एकाच रंगाचे) हा सिक्वेन्सच्या वर. प्रत्येक हाताला, म्हणजे एका वेळी खेळलेल्या पत्त्यांना, चिप्स असतात आणि मल्ट म्हणजे गुणक असतो, दोन्हींचा गुणाकार म्हणजे स्कोअर. जोडीला १० चिप्स आणि २ मल्ट, कलरला ३५ आणि ४, वर पत्त्यांचे स्वतःचे चिप्स, म्हणजे राजा-राणी-गुलाम १०, एक्का ११, बाकी जो आकडा तो.

आता खरा मुद्दा. मागच्या पावसाळ्यात देवळालीगावचे एक काका माझ्या समोर बसायचे, आयुष्यभर मेंढीकोट खेळलेला माणूस, पत्त्यांची जाण जबरदस्त, तरी पहिल्याच बॉसला हरायचे. दोन दिवस मी नुसतं बघितलं. ते डिस्कार्ड, म्हणजे नको ते पत्ते टाकून नवे घ्यायची संधी, वाचवत होते. मेंढीकोटात आपण हुकूम राखून ठेवतो, दश्शी पकडायला शेवटी लागेल म्हणून, आणि तीच सवय ते इथे घेऊन आले होते, हातात तीन बदाम, एक जोडी, डिस्कार्ड चारच्या चार शिल्लक आणि काका जोडी खेळून ६० मिळवतायत. मी म्हटलं, काका, उरलेल्या डिस्कार्डचे इथे काही मिळत नाही, उरलेल्या हातांचा मात्र गेममधला एकेक डॉलर मिळतो. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, म्हणजे उलटंच झालं की सगळं.

हो, उलटंच आहे, आणि सुरुवातीचा अख्खा खेळ यातच आलाय. लाल डेकमध्ये, म्हणजे पहिल्यांदा मिळतो त्यात, चार हात आणि चार डिस्कार्ड असतात आणि एका वेळी पाच पत्ते टाकता येतात. पहिल्या छोट्या ब्लाइंडला हवेत ३००. आता बदामचे राजा, राणी, नव्वी, सत्ती आणि चव्वी धरा, पत्त्यांचे ४०, कलरचे ३५, झाले ७५, गुणिले ४, बरोब्बर ३००. एका हातात काम झालं! म्हणून आठ पत्ते आले की ज्या रंगाचे जास्त तो धरायचा आणि बाकीचे बेधडक टाकत सुटायचं. एका हातात जिंकलात की ब्लाइंडचे ३ आणि उरलेल्या तीन हातांचे ३ असे ६ डॉलर, सुरुवातीचे ४ धरून खिशात १०, आणि हे १० डॉलर घेऊन पहिल्या दुकानात (ब्लाइंड जिंकला की ते उघडतं) जाणं आणि ७ घेऊन जाणं यात फार फरक आहे.

त्या दुकानात जोकर घ्या, म्हणजे डावभर सोबत राहून मदत करणारं खास कार्ड. कुठला? आत्ता लगेच स्कोअर वाढवेल तो. इथे लोक फार विचार करतात, पुढे सहाव्या अँटीत हा कामाला येईल का वगैरे, अहो पण सहाव्या अँटीपर्यंत पोचायचंय ना आधी! जॉली जोकर बघा, हातात जोडी असेल तर ८ मल्ट देतो. राजांची जोडी म्हणजे ३० चिप्स, मल्ट २ अधिक ८ म्हणजे १०, परत ३००, आणि आता त्यासाठी कलर शोधायचीही गरज नाही. हाफ जोकर तर मला सुरुवातीला सगळ्यात लाडका, तीन किंवा कमी पत्ते खेळलात तर २० मल्ट, तीच राजांची जोडी ६६० देते आणि पहिल्या बॉसचे ६०० तिथेच पार. आणि जोकर घेतला म्हणजे त्याच्याशी जन्माची गाठ बांधली असं नाही, चांगला मिळाला की जुना विकायचा, साधारण निम्मे पैसे परत येतात. पहिल्या दुकानात म्हणूनच मी हात आखडता घेत नाही.

त्याच्यानंतर मात्र घेते. कारण व्याज. राउंडच्या शेवटी तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक ५ डॉलरवर १ डॉलर मिळतो, जास्तीत जास्त ५, म्हणजे २५ डॉलर जमले की दर राउंडला ५ आणि एका अँटीत १५, काहीही न करता. हे १५ म्हणजे दोन-तीन बरे जोकर. म्हणून दुकानात ६ डॉलरची वस्तू घेताना मी बघते की खिशात किती उरतायत, १९ उरत असतील तर एका डॉलरपायी व्याजाची पायरी चुकते, मग ती वस्तू खरंच लागणार आहे का हे दोनदा विचारते. आणि रीरोल, म्हणजे पैसे देऊन दुकानातला माल बदलणं! पहिला ५ डॉलरला, पुढचा ६, मग ७, हे तर पहिल्या दोन अँटीत मी करतच नाही, तिसऱ्यात करते तेही बॉस जड वाटला तरच. पहिल्या अँटीत ब्लाइंड न खेळता सोडून टॅग, म्हणजे त्याबदल्यात मिळणारं बक्षीस, घेणंही मला पटत नाही, ते पैसे जातात आणि ते दुकानही जातं.

पण कंजूषपणा करून हरू नका हेही तेवढंच महत्त्वाचं. छोट्या ब्लाइंडला लागणारा स्कोअर ३०० वरून दुसऱ्या अँटीत ८०० होतो आणि तिसऱ्यात २,०००, बॉसला साधारण त्याच्या दुप्पट. नुसत्या कलरवर हे होणारच नाही. तिसरी अँटी सुरू होताना माझ्याकडे मल्ट देणारे दोन आणि चिप्स देणारा एक असे तीन जोकर नसतील तर व्याज गेलं खड्ड्यात, मी खर्च करते. दुकानात ग्रहांची कार्डं असतात, प्रत्येक ग्रह एकेका हाताची किंमत वाढवतो. ज्युपिटरचं कार्ड दिसलं आणि तुम्ही कलरच खेळताय तर घ्या, कलर ५० चिप्स आणि ६ मल्टचा होतो, मघाचाच बदाम कलर ३०० वरून ५४० वर जातो. पण आज ज्युपिटर, उद्या मर्क्युरी (हा जोडीचा) असं सगळ्या हातांना थोडं थोडं वाटत बसू नका, एकच हात धरा.

दोन बारीक गोष्टी, ज्या काकांनाही मी नंतर सांगितल्या. एक, जोडी खेळतानासुद्धा सोबत तीन फालतू पत्ते लावून पाच खेळा, त्यांचे चिप्स मिळत नाहीत पण ते हातातून जातात आणि नवे येतात, म्हणजे फुकटचा डिस्कार्डच झाला (हाफ जोकर असेल तेव्हा मात्र तीनच्या वर जाऊ नका). दुसरी, जोकर डावीकडून उजवीकडे मोजले जातात, म्हणून बेरजेचा मल्ट डावीकडे आणि गुणाकाराचा उजवीकडे. कलरचे ४, अधिक १५, गुणिले ३ झाले ५७, उलट लावलात तर ४ गुणिले ३ अधिक १५, फक्त २७. जोकर तेच, पैसे तेवढेच, स्कोअर निम्म्याहून कमी! मी कितीतरी फोनमध्ये हे उलटं लावलेलं बघितलंय आणि दर वेळी जीव हळहळतो.

आणि अँटी सुरू होतानाच बॉस कोण आहे ते बघा, तो आधीच दाखवलेला असतो. क्लब असेल तर किलवरचे पत्ते निकामी, म्हणजे किलवरच्या कलरवर भिस्त ठेवू नका. सायकिक असेल तर पाचच पत्ते खेळावे लागतात, तिथे हाफ जोकर गप्प बसतो. नीडल असेल तर हात एकच, तेव्हा डिस्कार्ड सगळे वापरून मगच खेळायचं.

काका गेल्या महिन्यात परत भेटले, इगतपुरी सोडली तेव्हा त्यांनी न बोलता फोन माझ्यासमोर धरला. चौथी अँटी, चार जोकर, खिशात २७ डॉलर, आणि शेवटच्या राउंडला एकही डिस्कार्ड शिल्लक नव्हता.